नैनीतालच्या बांजवनातील पायवाटा: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातून दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत नैनीतालला जाणारी कुटुंबे निघण्यापूर्वी जे प्रश्न विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. नैनी तलावाभोवतीच्या डोंगरांवर ओक वृक्षांची, म्हणजे तेथील बोलीतल्या बांजाची, वने आहेत. त्या वनांतून पायी फिरू इच्छिणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. खरेदी, रोपवे आणि हॉटेले यांचा विचार येथे केलेला नाही.

नैनीतालला लोक नौकाविहारासाठी जातात. तेथे पायी काय पाहायचे?

तलाव काठावरून दिसतो, पण तो तेथे टिकून का आहे हे काठावर बसून कळत नाही. त्यासाठी वरच्या वनात जावे लागते. नैनी तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,९३८ मीटर उंचीवर आहे आणि त्याच्या तिन्ही बाजूंना उभे डोंगर आहेत. त्या उतारांवर पडलेले पाणी काही नाल्यांतून आणि बरेचसे जमिनीखालून तलावात उतरते. नैनीताल शहर हेच पाणी पिते. टँकरची वाट पाहण्याचा अनुभव ज्या जिल्ह्यातील गावोगावी आहे, तेथून आलेल्या माणसाने हे वन आवर्जून पायी पाहावे, असे मला मनापासून वाटते.

बांज ओळखायचा कसा?

पान उलटून पाहावे. बांजाचे पान वरून गडद हिरवे आणि खालून पांढरट करडे असते, कारण खालच्या बाजूवर बारीक लव असते. वारा सुटला की सगळा उतार क्षणभर रुपेरी दिसतो तो यामुळेच. झाड सदाहरित असते, खोड खडबडीत आणि बहुधा शेवाळाने व नेच्यांनी झाकलेले असते, आणि फळ म्हणजे टोपी घातलेले लहानसे बोंड. कुमाऊँत, म्हणजे उत्तराखंडच्या ज्या भागात नैनीताल येते तेथे, ओकच्या पाच जाती आढळतात, पण नवख्या माणसाने तीनच लक्षात ठेवल्या तरी पुरे. साधारण १,२०० ते २,३०० मीटरपर्यंत बांज असतो. त्याच्या वरच्या पट्ट्यात तिलोंज येतो, ज्याचे पान दोन्ही बाजूंनी हिरवे व तुकतुकीत असते. आणखी उंचावर खरसू लागतो. त्याची कोवळ्या झाडावरची पाने काटेरी कडांची असतात. नैना पीक या शिखराच्या वाटेवर चढताना या तिन्ही जाती एकामागून एक भेटतात, आणि किती उंची गाठली हे झाडांवरूनच समजू लागते.

बांजामुळे पाणी टिकते असे म्हणतात. हे खरे की श्रद्धा?

या म्हणण्याला आधार आहे, मात्र त्यामागची क्रिया समजून घेतली पाहिजे. बांजाची पाने गळून जमिनीवर जाड थर होतो आणि तो कुजून काळी, भुसभुशीत माती तयार होते. मोठ्या सरीचे पाणी या थरावर आदळून तडक वाहून जात नाही. ओल्या गोणपाटाप्रमाणे तो थर पाणी धरतो आणि सावकाश खाली सोडतो. खालचा खडक भेगाळलेला असेल तर हे पाणी त्यातून झिरपत जाते आणि उतारावर कोठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. कुमाऊँतील गावांनी अशा जागी दगडी, छत असलेल्या लहान बारवा बांधल्या, त्यांना नौला म्हणतात. वाहता झरा असेल तर त्याला धारा म्हणतात. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या वनात चित्र वेगळे असते. त्याच्या सुया लवकर कुजत नाहीत, कोरड्या पडून राहतात आणि उन्हाळ्यात पेट घेतात. ज्या उतारावरचा बांज सरपणासाठी व चाऱ्यासाठी फार छाटला गेला, तेथे चीड पसरत जातो, ही कुमाऊँतील गावकऱ्यांची जुनी तक्रार आहे.

तरीही सगळे श्रेय एकट्या झाडाला देणे योग्य होणार नाही. खडकाची रचना, उताराचा कोन आणि पाणी मुरण्याच्या मोकळ्या जागा यांचाही वाटा मोठा आहे. तलावाच्या वरच्या अंगाला सुखाताल नावाचा खोलगट भाग आहे, जो पावसाळ्यात भरतो आणि नंतर कोरडा पडतो. तेथे साठलेले पाणी जमिनीत मुरून नैनी तलावाकडे जाते, म्हणून अशा जागेवर बांधकाम झाले की त्याचा परिणाम खाली तलावात दिसतो. २०१७ च्या उन्हाळ्यात तलावाची पातळी इतकी उतरली होती की काठालगत गाळाचे पट्टे उघडे पडले होते. मल्लीताल या शहराच्या वरच्या भागातून वर चालत जाताना सुखाताल पाहून पुढे वनात शिरावे. एकाच सकाळी मुरण्याची जागा आणि मुरवणारे वन अशा दोन्ही गोष्टी पाहून होतात.

कोणती पायवाट निवडावी?

पहिल्या दिवशी तलावाची प्रदक्षिणा करावी. ती सुमारे साडेतीन किलोमीटरची असून जवळजवळ सपाट आहे. एका बाजूला गजबजलेला मॉल रोड आणि दुसऱ्या बाजूला केवळ पायी चालणाऱ्यांची ठंडी सडक. ठंडी सडकेवर पाषाण देवीचे मंदिर लागते आणि डोक्यावर झाडांची सावली असते. या रस्त्यावर अधूनमधून दरड कोसळते, त्यामुळे तो बंद असल्यास अडथळा ओलांडून जाण्याचा प्रयत्न करू नये.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी नैना पीक करावे. सुमारे २,६१५ मीटर उंचीचे हे नैनीतालभोवतीचे सर्वांत उंच शिखर आहे. शहरातून चालत गेल्यास वाट साधारण सहा किलोमीटरची आहे. किलबरी रस्त्याने वाहनातून काही अंतर गेल्यास चढ निम्म्यावर येतो. मी चालण्याचाच आग्रह धरेन, कारण बांज, तिलोंज आणि खरसू यांचे पट्टे, मध्येच लागणारे सुरई (सायप्रस) आणि देवदार, मार्च-एप्रिलमध्ये फुललेला लाल बुरांस (रोडोडेंड्रॉन), हे सारे पायी गेल्यानेच दिसते. आकाश स्वच्छ असेल तर माथ्यावरून त्रिशूल, नंदादेवी आणि पंचाचुली यांची हिमशिखरे दिसतात, आणि मागे वळले की संपूर्ण तलाव एका नजरेत येतो. सूर्योदय होताच निघावे, दहा-अकरानंतर ढग चढू लागतात.

ज्यांना शिखरापेक्षा वनच हवे आहे त्यांनी किलबरी ते पंगोट हा रस्ता धरावा. पंगोट नैनीतालहून सुमारे १५ किलोमीटरवर आहे. वाहनाने किलबरीपर्यंत जाऊन पुढचा भाग चालत करता येतो. चढउतार सौम्य आहे, वळणावळणाने रस्ता दाट ओकवनातून जातो आणि वाहनांची वर्दळ नैनीतालच्या मानाने फारच कमी असते. संपूर्ण सहलीत एकच दिवस वनासाठी काढता येत असेल तर तो येथे काढावा.

सातताल हा चौथा पर्याय. भीमतालजवळ, सुमारे १,३७० मीटर उंचीवर, बांज आणि चीड यांच्या मिश्र वनात तलावांचा हा समूह आहे; राम, लक्ष्मण आणि सीता ही त्यांतील जोडून असलेल्या तीन तलावांची नावे. उंची कमी असल्याने थंडी सौम्य असते आणि वाटा लहान लहान तुकड्यांत करता येतात.

टिफिन टॉपला जाता येते का?

आयारपाटा डोंगरावरील टिफिन टॉप, सुमारे २,२९० मीटर, ही पूर्वी सर्वांत लोकप्रिय वाट होती. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील डोरोथी सीट नावाचा दगडी चौथरा दरडीबरोबर कोसळला. जुन्या छायाचित्रांच्या भरवशावर तेथे जाऊ नये. वाट खुली आहे की नाही हे वन विभागाकडे आदल्या दिवशी विचारावे आणि बंद असेल तर किलबरीकडे वळावे.

कोणत्या महिन्यात जावे?

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे महिने उत्तम. पावसाने हवा धुऊन निघालेली असते, हिमशिखरे स्पष्ट दिसतात, आणि दिवाळीची सुट्टीही याच काळात येते. मार्च-एप्रिल बुरांसच्या फुलांसाठी चांगला. मात्र त्या काळात हवेत धुरकटपणा असतो आणि शिखरे दिसतीलच असे नाही. मे-जूनमध्ये सोलापूरच्या चाळिशीपार उन्हातून सुटका होते आणि काफळ नावाची आंबटगोड रानफळे मिळतात, पण गर्दी आणि वाहनांची कोंडी इतकी असते की शहरात शिरण्यातच अर्धा दिवस जातो. जुलै ते सप्टेंबर येथे येऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. पाऊस प्रचंड असतो, वाटा निसरड्या होतात, जळवा लागतात आणि दरडींचा धोका खरा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्रीचे तापमान शून्याजवळ जाते व कधी कधी बर्फ पडते; पुरेसे गरम कपडे असतील तर दिवसाचे चालणे सुखाचे होते.

सोलापूरहून पोहोचायचे कसे?

बेंगळुरूहून येणारी कर्नाटक एक्सप्रेस सोलापुरात थांबते आणि साधारण एका दिवसाच्या प्रवासाने नवी दिल्लीला पोहोचवते. त्याच रात्री जुन्या दिल्लीच्या स्थानकावरून राणीखेत एक्सप्रेस काठगोदामला जाते आणि पहाटे तेथे उतरवते. काठगोदाम ते नैनीताल हे सुमारे ३५ किलोमीटरचे अंतर बसने किंवा वाटून घेतलेल्या टॅक्सीने पार करावे. हा घाटरस्ता वळणांचा असल्याने ज्यांना गाडी लागते त्यांनी रिकाम्या पोटी किंवा भरपेट न निघता थोडे कोरडे खाऊन निघावे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. दिवाळीच्या तारखांसाठी त्याच सकाळी तिकीट काढावे, आणि दोन गाड्यांच्या मध्ये पूर्ण दिवस ठेवावा, कारण लांब पल्ल्याच्या गाडीला उशीर झाला तरी रात्रीची गाडी हुकत नाही.

आपण सपाट प्रदेशातील माणसे. चढाची तयारी कशी करावी?

सोलापूर सुमारे ४६० मीटर उंचीवर आणि बव्हंशी सपाट माळावर वसलेले आहे, त्यामुळे रोज कंबर तलावाभोवती चालणाऱ्यांनाही चढाची सवय नसते. निघण्यापूर्वी दीड-दोन महिने आठवड्यातून तीन वेळा जिने चढण्याचा व उतरण्याचा सराव करावा; उतरणे अधिक महत्त्वाचे, कारण नैना पीकवरून परतताना दम लागत नाही, गुडघे दुखतात. हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झालेल्या लांब मातीच्या धरणाने अडवलेला आहे, आणि तलावाच्या परिसरात पहाटे लांब पल्ल्याचे चालणे करता येते. महिन्यातून एखाद्या रविवारी तुळजापूरकडे जाऊन बालाघाटच्या उतारांवर पाठीवर पिशवी घेऊन चालावे. नळदुर्गच्या किल्ल्यात तटाच्या पायऱ्या आणि बुरूज चढण्यानेही पाय तयार होतात. ज्या बुटांनी तेथे चालायचे त्याच बुटांनी येथे सराव करावा.

उंचीचा त्रास होतो का?

उंचीचा आजार साधारणतः २,५०० मीटरच्या वर राहिल्यास संभवतो. नैनीतालला मुक्काम त्याखाली होतो आणि नैना पीकच्या माथ्यावर आपण तासभरच थांबतो, त्यामुळे निरोगी माणसाने चिंता करण्याचे कारण नाही. पहिल्या दिवशी मात्र दम लवकर लागतो. हृदयविकार, दमा किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच चढाचा बेत करावा आणि औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत.

कपडे आणि बूट कोणते घ्यावेत?

एका जाड कोटाऐवजी एकावर एक घालता येतील असे तीन थर घ्यावेत, कारण चढताना घाम येतो आणि माथ्यावर थांबताच अंग गार पडते. सोलापुरी चादर रेल्वेत उत्तम; वाटेवर मात्र सुती वस्त्र भिजले की वाळत नाही आणि थंडी वाढवते, म्हणून अंगालगतचा थर लोकरीचा किंवा लवकर वाळणाऱ्या कापडाचा असावा. बुटांच्या तळव्याला खोल खाचा हव्यात. बांजाची वाळलेली पाने उतारावर साचतात आणि ती पावसाशिवायही घसरवतात. नवख्यांना याची कल्पना नसते. हातात काठी ठेवावी, पाऊल पूर्ण टेकवावे, पानांच्या ढिगावर टाच टाकू नये. पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, कारण वाटेच्या कडेला बिच्छू घास असते आणि तिचा नुसता स्पर्शही आग आग करतो.

सोबत खायला काय न्यावे?

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांहून सोयीची शिदोरी मला ठाऊक नाही. दोन्ही बरेच दिवस टिकतात, वजनाला हलकी असतात आणि वाटेवर चूल पेटवावी लागत नाही. त्यासोबत गूळ आणि केळी ठेवावीत. मुक्कामी तेथील जेवण जरूर घ्यावे: मडुव्याची, म्हणजे आपल्या नाचणीची रोटी, आलूचे गुटके आणि भट्टच्या काळ्या दाण्यांची चुडकाणी. पाणी माणशी दोन लिटर न्यावे. झऱ्याचे पाणी स्वच्छ दिसले तरी उकळल्याशिवाय पिऊ नये. रिकाम्या पिशव्या व बाटल्या परत आणाव्यात. जे प्लास्टिक वाटेवर पडते ते पावसाबरोबर नाल्यांतून थेट तलावात उतरते.

वन्य प्राण्यांची भीती किती बाळगावी?

या वनांत बिबट्या आहे. स्थानिक फलकांवर त्याला गुलदार म्हटलेले असते. दिवसा, गटाने चालणाऱ्यांना तो सहसा दिसतही नाही. सूर्योदयानंतर निघावे आणि मावळतीपूर्वी परतावे. येथे एक बाब ध्यानात ठेवावी: नैनीताल सोलापूरच्या बरेच ईशान्येला असल्यामुळे नोव्हेंबरात तेथे सूर्य आपल्यापेक्षा साधारण अर्धा तास आधी मावळतो, आणि दाट वनात अंधार त्याहूनही लवकर होतो. लहान मुलांना गटाच्या मध्ये ठेवावे. लंगूर निरुपद्रवी असतात. लाल तोंडाची माकडे हातातील पिशवी ओढतात, म्हणून त्यांच्यासमोर खाऊ काढू नये.

पक्षी पाहण्यासाठी कोठे जावे?

किलबरी आणि पंगोट परिसर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पहाटे रस्त्याच्या कडेला कालीज हा रानकोंबड्यांच्या कुळातला पक्षी चरताना दिसतो. कोकलास आणि चीर हे त्याचे लाजरे नातेवाईक पाहायला संयम लागतो. सुतारपक्षी बांजाच्या खोडावर हमखास आढळतात. सोलापूरकराने येथे आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. हिमालयीन लावा नावाचा पक्षी १८७६ मध्ये नैनीतालच्या शेर का डांडा भागात शेवटचा खात्रीने नोंदवला गेला, आणि त्यानंतर त्याची निश्चित नोंद झालेली नाही. आपल्या नान्नजच्या माळावर माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले, तरी आज तो तेथे दिसणे अत्यंत दुर्मीळ झाले आहे. म्हणून या वाटांवर ध्वनिक्षेपक वाजवणे, पक्ष्यांना जवळ आणण्यासाठी ध्वनिमुद्रित आवाज लावणे किंवा विणीच्या काळात झुडपांत शिरणे हे कोणीही करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दरडी आणि वणवे यांबाबत काय काळजी घ्यावी?

नैनीतालचे डोंगर चुनखडी आणि ठिसूळ पाटीच्या दगडाचे आहेत, शिवाय त्यांतून भ्रंशरेषा जातात. १८ सप्टेंबर १८८० रोजी संततधार पावसानंतर शेर का डांडाचा उतार कोसळला आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. नैना देवीचे जुने मंदिरही त्यात गेले. त्यानंतर उतारांवर पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांचे जाळे अधिक काळजीपूर्वक बांधण्यात आले. वाटेत दगडी बांधणीचा खोल नाला लागला तर तो या दुर्घटनेनंतरच्या व्यवस्थेचा भाग असू शकतो; त्यात कचरा टाकणे म्हणजे उताराचा निचरा अडवणे होय. सलग पाऊस झाल्यानंतर किमान एक दिवस वाटेवर जाऊ नये.

वणव्यांचा काळ एप्रिल ते जूनचा मध्य. एप्रिल २०२४ मध्ये नैनीताल परिसरातील आग विझवण्यासाठी वायुदलाच्या हेलिकॉप्टरने भीमतालमधून पाणी उचलले होते. वनात विडी-सिगारेट ओढू नये आणि चहासाठीसुद्धा चूल मांडू नये.

आजी-आजोबांना सोबत नेता येईल का?

अवश्य. ठंडी सडक त्यांच्यासाठी पुरेशी सुंदर आहे, आणि साततालला तलावाच्या काठाने थांबत थांबत चालता येते. पंगोटपर्यंत वाहनाने जाऊन तेथे पाव-अर्धा तास वनात बसणेही शक्य आहे. नैना पीकसाठी मात्र गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना आग्रह करू नये.

वाटाड्या घ्यावा का?

नैना पीक आणि किलबरीच्या वाटा ठळक आहेत. तरी पहिल्या खेपेस स्थानिक वाटाड्या घ्यावा. त्याला झाडे, नौले आणि पक्ष्यांच्या जागा माहीत असतात, आणि आपला पैसा त्या गावात राहतो. मोबदला आधी ठरवावा. हिंदी सर्वत्र चालते. वडीलधाऱ्या पुरुषाला दाज्यू आणि स्त्रीला दीदी म्हटले की बोलणे मोकळे होते. चारा किंवा सरपण घेऊन येणाऱ्या स्त्रिया समोरून आल्यास वाटेच्या डोंगराकडील बाजूस थांबून त्यांना आधी जाऊ द्यावे, आणि विचारल्याशिवाय त्यांचे छायाचित्र काढू नये.

बांजाचे बी आणून सोलापुरात लावता येईल का?

नाही. बांजाला थंड, ओलसर डोंगरहवा लागते आणि त्याचे बोंड एकदा सुकले की रुजण्याची क्षमता गमावते. वनातील बोंडे लंगूर, उडत्या खारी आणि अस्वले यांचा आहार आहेत, आणि उरलेल्यांतूनच नवी रोपे येतात. आपल्याकडे लावायचे असेल तर अंगणात व रस्त्याकडेला कडुनिंब, करंज, चिंच लावावी. नान्नजसारख्या गवताळ माळावर मात्र कोणतेच झाड लावू नये. तेथील पवन्या, मारवेल आणि कुसळी या गवतांवरच माळढोक, काळवीट आणि लांडगा यांचे जगणे उभे आहे.

वाटेत कोणी जखमी झाल्यास काय करावे?

जखमीला हलवण्याची घाई करू नये. आधी ११२ या क्रमांकावर कळवावे. दाट वनात दूरध्वनीचे जाळे तुटते, म्हणून निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी कोणत्या वाटेने जाणार व किती वाजेपर्यंत परतणार हे लिहून द्यावे. मल्लीतालमध्ये बी. डी. पांडे जिल्हा रुग्णालय आहे. गंभीर इजा असल्यास रुग्णाला खाली हल्द्वानीच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. पिशवीत पट्टी, जंतुनाशक, क्षारसंजीवनीची पाकिटे, शिट्टी आणि विजेरी ठेवावी, आणि ती पिशवी गटातील सर्वांत मागे चालणाऱ्याकडे द्यावी, कारण पुढे कोणालाही लागले तरी तो त्याच्यापर्यंत पोहोचतोच.